मस्कतच्या विहिरीचं पाणी

आळीत मला सगळे हाजी म्हणतात. नाव घेऊन हाक मारणारं आता कुणी उरलं नाही. पागेतले जुने सोबती गेले, अम्मा गेली, आणि बायको पहिल्या दिवसापासून 'अहो' म्हणते. मंडईतली भाजीवालीसुद्धा म्हणते, हाजीसाहेब, मेथी कोवळी आहे, घेऊन जा. मी मेथी घेतो आणि मान खाली घालून घरी येतो. लोकांना वाटतं, किती नम्र माणूस.

आमचं घराणं नालबंदांचं. बाप सरकारच्या पागेत घोड्यांना नाल ठोकायचा, त्याचा बापही तेच करायचा. नागझरीच्या काठी आमची आळी. एका अंगाला मोमीन विणकरांचे माग, दुसऱ्या अंगाला आमचे भाते. त्यामुळे लहानपणी दिवसभर कानात दोनच आवाज असायचे, खटखट आणि ठणठण. घरात आम्ही दखनी बोलायचो, बाहेर मराठी. लिहायला शिकलो तेही मराठीच, मोडीत. पागेतल्या एका ब्राह्मण कारकुनानं शिकवलं. विद्यादानाची हौस वगैरे काही नव्हती त्याला. घोड्याचा खूर बघायला त्याला वाकावं लागायचं, ते त्याच्या जिवावर यायचं, म्हणून बघण्याबरोबर लिहिण्याचं कामही त्यानं माझ्यावर ढकललं. पण त्याचे उपकार आहेत. आज हे लिहितोय ते त्याच्यामुळेच.

सरकारात अरबी घोड्यांची फार आवड. दरसाल पावसाळा संपला की अरबस्तानातून गलबतांनी घोडे यायचे, कोकणातल्या बंदरात उतरायचे आणि घाट चढून पुण्याला यायचे. दिसायला एकेक असा की माणसानं काम सोडून बघत उभं राहावं. पण महिन्याभरात निम्मे लंगडायचे. कुणाचा खूर तडकलेला, कुणाचा आतून सडलेला. वाळूत वाढलेलं जनावर आमच्या खडकाळ जमिनीवर आलं की त्याचं खरं दुखणं बाहेर पडायचं. शेवटी पागेच्या मुख्यानं ठरवलं की आपला एक नालबंद मस्कतला बसवायचा. त्यानं खूर पाहिल्याशिवाय एकही घोडा गलबतावर चढवायचा नाही.

निवड माझी झाली. बाप नुकताच वारला होता, लग्न झालेलं नव्हतं, आणि मी मुसलमान होतो. समुद्र ओलांडायला दुसरं कुणी तयारच नव्हतं. कारकून म्हणाला, "तुम्हाला काय, तुम्ही आपल्याच मुलखात चाललात. आम्ही गेलो तर परत आल्यावर पंचगव्य प्यावं लागेल." त्यानं ते नेहमीच्या तिरकसपणानं म्हटलं, पण मला ते खरंच वाटलं. आपल्याच मुलखात चाललोय असंच मी धरून चाललो होतो.

अम्माचा तर आनंद मावेना. तिच्या लेखी अरबस्तान म्हणजे मक्का. आमच्या आळीतून हजला गेलेला एकच म्हातारा होता, तोही माझ्या लहानपणीच वारला. तो ओट्यावर बसून मक्केतल्या झमझमच्या विहिरीच्या पाण्याचं वर्णन करायचा. किंचित खारट असतं, म्हणायचा, पण घोटभर प्यालं की भूक भागते. आळीला अरबस्तानाबद्दल जे काही ठाऊक होतं ते एवढंच. मस्कत आणि मक्का यांत अंतर किती, हे कुणी विचारलं नाही. मीही विचारलं नाही. कसब्यातून शनिवारात जावं तसं असेल, असं मला वाटलं.

विणकरांच्या आळीत बायका सूत काततात. अम्माही कातायची. दोन पावसाळे ती एक सूत वेगळं काढून ठेवत होती, ते कशासाठी हे मी जायला निघालो तेव्हा कळलं. शेजारच्या विणकरानं त्याचं कापड विणून दिलं होतं. बाईच्या कफनाला पाच कापडं लागतात. तेवढं ते होतं. अम्मानं घडी घालून माझ्या गाठोड्यात तळाशी ठेवलं.

"झमझमच्या पाण्यात भिजव," ती म्हणाली. "तुझ्या हातानं. दुसऱ्या कुणाच्या हाती देऊ नकोस. तिथल्याच उन्हात वाळव आणि घेऊन ये. मग मला मरायची भीती नाही."

मी हो म्हणालो. त्यात काही अवघड आहे असं तेव्हा वाटलं नाही.

गलबतावर मी किती दिवस ओकत होतो ते सांगण्यात अर्थ नाही. ज्या सौदागराच्या हाताखाली मला दिलं होतं तो मला बघून खलाशांना सांगायचा, घोडे बरे याच्यापेक्षा. एका सकाळी समोर काळे डोंगर दिसले. दुरून डोंगर साजरे म्हणतात. हे दुरूनही साजरे नव्हते. झाड नाही, गवताची काडी नाही. डोंगरांच्या कुशीत बंदर, दोन बाजूंना दोन किल्ले, आणि मधे पांढरी घरं दाटीवाटीनं बसलेली. गलबतावरून उतरताना खालून अशी धग आली की मला वाटलं आपण भात्यापुढेच उभे आहोत.

आपल्याच मुलखाचा भ्रम फिटायला पहिला शुक्रवार पुरला. मशिदीत गेलो. आमच्याकडे नमाजाला हात बांधून उभे राहतात, तसा मी उभा राहिलो. बाजूला पाहिलं तर सगळी ओळ हात सोडून उभी. मला वाटलं, माझं काही चुकलं. मी हात सोडले. मग वाटलं, बापानं शिकवलं ते कसं चुकेल? पुन्हा बांधले. नमाज संपेपर्यंत माझे हात असे वरखाली होत होते. शेजारच्या माणसानं नंतर काहीतरी विचारलं. त्यात 'हिंदी' हा एकच शब्द मला कळला. पुण्यात मी नालबंद होतो, अमक्याचा मुलगा होतो, अमक्या आळीचा होतो. तिथे मी हिंदी झालो. लहानपणापासून अरबी पाठ म्हणत आलो होतो, पण तहान लागली तर पाणी कसं मागायचं, ते त्यातलं एकही अक्षर मला सांगेना.

तिसऱ्या दिवशी मी सौदागराला विचारलं की मक्का कुठल्या बाजूला आणि किती दिवसांच्या वाटेवर. तो हसला नाही. उंटानं की गलबतानं, असं त्यानं विचारलं. उंटानं वाळवंटातून महिनेच्या महिने लागतात, वाटेत लुटारूंनी सोडलं तर. गलबतानं जायचं तर एक वारा धरून जायचं आणि परतीच्या वाऱ्याची वाट बघत तिथेच बसायचं. मग म्हणाला की तुला घोडे बघायला आणलंय. मी खोलीवर येऊन गाठोडं उघडलं, कापडावर हात फिरवला आणि पुन्हा बांधून ठेवलं.

खोली तबेल्याला लागूनच होती. मधली भिंत अर्धीच, त्यामुळे घोडे माझ्या उशाशी असल्यासारखे फुरफुरायचे. दिवस उजाडायच्या आतच काम सुरू करावं लागे, कारण उन्हं वर आली की ऐरणीला हात लावायची सोय नसे. दुपारी गाव मेल्यासारखं पडायचं. मी ओला पंचा अंगावर घेऊन पडून राहायचो. पंचा वाळला की उठून पुन्हा भिजवायचा. पाणी गावाबाहेरच्या विहिरीचं. पखालीतून यायचं आणि खारट लागायचं. पहिला महिना मी प्रत्येक घोटाला तोंड वाकडं करायचो. पुण्यात हौदाला कात्रजचं पाणी यायचं, त्याच्या काठावर बसून पाय धुताना आपण काय उधळतोय याचा कधी विचारच केला नव्हता.

खायला सकाळी खजूर, संध्याकाळी मासे आणि भात. तिथे गुरंदेखील सुके मासे खातात. विश्वास बसणार नाही, पण मी पाहिलंय. त्यामुळे दुधालाही तोच वास. बंदरावर एका कच्छी वाण्याचं दुकान होतं, त्याच्याकडे एकदा ज्वारीचं पीठ दिसलं. पुण्यात या माणसाकडे मी वळूनही पाहिलं नसतं, तिथे मात्र गाववाला भेटल्यासारखा त्याच्याशी बोलत बसलो, मोडक्यातोडक्या हिंदुस्थानीत. पीठ घेऊन आलो, पाणी तापवलं, भाकरी थापायला घेतली. पण पिठाची विरी गेली होती. किती महिने समुद्रावर होतं देव जाणे. थापली की चिरत होती, उचलली की तुटत होती. शेवटी ते तुकडे तसेच तव्यावर भाजले आणि भिंतीकडे तोंड करून खाल्ले. रडत होतो म्हणून भिंतीकडे तोंड केलं. पलीकडे घोडेच होते, तरी लाज वाटली.

कामातही माझी हेटाळणी व्हायची. घोडा घ्यायचा तर आपल्याकडे आधी भोवरे बघतात. कपाळावर, छातीवर, पाठीवर केसांचा भोवरा कुठे आहे, शुभ की अशुभ. एकदा एक निळसर करडा घोडा आला. खूर लोखंडासारखे, चाल पाण्यासारखी. मी त्याला चारी बाजूंनी पाहिलं आणि नको म्हणालो, कारण पाठीवर खोगिराच्या जागी भोवरा होता. सरकारात त्याच्यावर कुणी बसलं नसतं. घोड्याचा धनी माझ्याकडे नुसता बघत राहिला. मग आपल्या माणसांना काहीतरी म्हणाला आणि सगळे हसले. सौदागर म्हणाला की अरे, त्यानं घोडा दाखवला आणि तू केस मोजलेस. त्यानंतर बरेच दिवस मला बघून लोक आपल्याच डोक्यावरचे केस चाचपायचे.

पण माणूस सगळ्याला सरावतो. दुसऱ्या वर्षी मला घोड्यांची, खिळ्यांची, पाण्याची भाषा यायला लागली. शिव्या त्याआधीच आल्या होत्या. मशिदीत माझ्या शेजारी एक म्हातारा नाखुदा, म्हणजे गलबताचा कप्तान, उभा राहायचा. मी हात बांधून, तो सोडून. त्यानं कधी हटकलं नाही. एकदा त्यानं कहवा प्यायला घरी नेलं. इवल्याशा पेल्यात घोटभर कहवा, कडू. संपला की पुन्हा ओतत. पुढे केलेला पेला परत कसा करायचा, म्हणून मी पीत गेलो. दहाबारा पेले झाल्यावर हात थरथरायला लागले, तेव्हा म्हाताऱ्यानं स्वतःचा पेला दोन बोटांत धरून हलवून दाखवला. पुरे झालं की असा हलवायचा, बोलायची गरज नाही. त्या दिवशी तो खूप हसला आणि मीही हसलो. मस्कतमध्ये पोटभर हसल्याचं मला तेवढंच आठवतं.

मक्केला जायची संधी त्याच म्हाताऱ्यानं आणली. त्याचं गलबत यात्रेकरू घेऊन निघणार होतं. चार दिवसांत निघू, तू चल, कापडाचं मला ठाऊक आहे, असं तो म्हणाला. मीच कधीतरी सांगितलं होतं. परतायला मात्र वर्ष जाईल, हेही त्यानं सांगितलं.

नेमकं त्याच सुमारास सौदागर म्हणाला होता की या मोसमाच्या घोड्यांबरोबर तुला पुण्याला धाडतो.

मी नाखुदाला सांगितलं की घोड्यांचं काम आहे, निघता येत नाही. ते खोटं होतं. काम दुसऱ्या कुणी केलं असतं. मला घरी जायचं होतं. चार दिवस मी गाठोडं उघडलं नाही. खरं सांगायचं तर एका बाजूला मक्का होती आणि दुसऱ्या बाजूला नागझरीचा घाणेरडा ओढा, माग आणि भाकरी, आणि मी ओढा निवडला. गलबत निघालं त्या दिवशी मी धक्क्यावरही गेलो नाही. पुढे महिन्याभरानं सौदागराचा बेत बदलला. बसऱ्याकडून मोठा काफिला येणार होता, त्याला माझी गरज होती. तेलही गेलं, तूपही गेलं. मी आणखी एक वर्ष तिथेच राहिलो. नाखुदा त्या प्रवासातून परत आला नाही. कुठे गेला, काय झालं, कुणी सांगितलं नाही.

त्याच वर्षी कोकणच्या एका खलाशाकडून अम्माचा निरोप आला. तीन तोंडांतून फिरून आलेला, तरी नेमका होता: कापड भिजलं का? मी उत्तर दिलं नाही. खजुराची एक करंडी बांधून त्याच्याबरोबर पाठवून दिली.

तिसऱ्या वर्षी मला तिथलं पाणी खारट लागेनासं झालं. ते कधी झालं कळलंच नाही. एकदा नवीन आलेल्या माणसानं तोंड वाकडं केलं, तेव्हा ध्यानात आलं की आपण तर गटागट पितोय. अम्माचा चेहरा आठवायचा, पण आवाज आठवायला प्रयत्न करावा लागे. मी तिथला झालो होतो असं नाही. इथला राहिलो नव्हतो, एवढंच.

निघायच्या आदल्या दिवशी गाठोडं उघडलं. कापड पिवळं पडलं होतं आणि त्याला घोड्याचा वास लागला होता. तीन वर्षं तबेल्याशेजारी दुसरं काय होणार? आईच्या कफनाला घोड्याचा वास येतो हे बरं नाही, धुवायला हवं, असं मी स्वतःला सांगितलं. विहिरीवर गेलो, पोहरा ओढला, त्यात कापड बुडवलं, माझ्या हातानं. तिथल्याच उन्हात वाळवलं. धुणं हे फक्त नाव होतं. मी काय करतोय ते मला ठाऊक होतं.

तरीही घाट चढताना मी ठरवलं होतं की अम्माला सांगायचं. होईल ते होईल. पागेच्या दारातच कारकून भेटला. मला खालपासून वरपर्यंत पाहून म्हणाला, "उंटाचं दूध मानवलेलं दिसतंय. आता आम्हीही हाजीसाहेब म्हणायचं का?" मी समजलो, थट्टा करतोय.

आळीच्या तोंडाशी माणसं उभी होती. विणकर, नालबंद, बायका दारादारांत. कुणी अत्तर लावलं, कुणी हात धरून डोळ्यांना लावले. माझ्या खजुराची काय गत झाली ते तेव्हा कळलं. मक्केचा खजूर म्हणून तो आळीत घरोघर एकेक वाटला होता, आणि बिया लोकांनी कोनाड्यात जपून ठेवल्या होत्या. त्या गर्दीत मी कुणाला काय सांगणार होतो? अम्मानं काही विचारलं नाही. सरळ गाठोडं सोडलं, कापड काढलं, तोंडाला लावलं. मग त्याचं टोक जिभेवर ठेवलं. तिचे डोळे भरून आले.

"खारट आहे," ती सगळ्यांना म्हणाली. "म्हातारा सांगायचा तसंच."

मला ते सुचलंच नव्हतं. देवाशपथ सांगतो, चवीचा विचार माझ्या मनातही नव्हता, कारण मला ते पाणी खारट लागतच नव्हतं.

त्या दिवशी अम्मानं मला सरबत दिलं. दुसऱ्यांदा ओतलं, तिसऱ्यांदा ओतलं. मी पेला हलवत राहिलो, आणि तिला वाटलं आणखी हवंय.

पुण्यात बस्तान बसायलाही मला दिवस लागले. हौदाचं पाणी अळणी लागायचं. भाकरीचा पहिला घास घशाखाली उतरला तेव्हा वाटलं होतं तेवढं काही वाटलं नाही. पुढच्याच वर्षी लग्न झालं. मुलीच्या बापानं घर पाहिलं नाही, भाता पाहिला नाही; हाजी जावई मिळतोय यातच तो खूश होता. बायको अजूनही कधी रागावली तर एकदम थांबते आणि म्हणते की तुमच्यासारख्याशी भांडून मला पाप नको. त्यापेक्षा भांडली असती तर बरं.

एका पावसाळ्यात पटकी आली. विणकराची बायको सकाळी पाणी भरत होती आणि संध्याकाळी गेली. विणकर आमच्या दारात आला. अम्माच्या कापडातला एक तुकडा मागत होता, बायकोच्या डोळ्यांवर ठेवायला.

"मी विणलं तेव्हा ते नुसतं सूत होतं," तो म्हणाला. "आता मला मागून घ्यावं लागतंय."

अम्मानं माझ्याकडे पाहिलं. तिला वाटलं असेल, कापड मुलानं एवढ्या कष्टानं आणलंय, त्याला विचारावं. मी बोलायला हवं होतं ते त्या क्षणी. त्याआधी सांगितलं असतं तर घरातली गोष्ट होती, त्यानंतर सांगणं शक्य नव्हतं. मी मान हलवली. अम्मानं वीतभर मापलं आणि फाडलं.

मग येणाऱ्यांना रोखणार कोण? पटकी ओसरली तरी लोक येत राहिले. कुणाचा बाप, कुणाची सासू, एकदा एक दीड वर्षाचं पोर. अम्मा नाही म्हणायची नाही. दर वेळी वीतभर. कापड फाटल्याचा तो आवाज माझ्या कामाच्या जागेपर्यंत यायचा, आणि मी घण थांबवायचो नाही. दफनाला मी पुढे असायचो. हाजीनं पुढे असावं असा आग्रहच असे. मृताच्या डोळ्यांवर मस्कतच्या गावाबाहेरच्या विहिरीचं पाणी आहे, हे तिथे मला एकट्याला माहीत असायचं.

अम्मानं अंथरूण धरलं तेव्हा कापड एक वीत उरलं होतं. ती म्हणायची, पाच कापडं नकोत, एवढं डोळ्यांवर पुरे. मला ते सहन होईना. बाकीच्यांना मी फसवलं, पण तिच्या डोळ्यांवर ते ठेवायला माझा हात कसा धजेल? एका दुपारी बायको हौदावर गेली होती. मी अंथरुणाशी बसलो आणि सगळं सांगितलं. अंतर, वारा, नाखुदा, विहीर. घरी यायचं होतं म्हणून गेलो नाही, हेही सांगितलं.

तिनं सगळं ऐकून घेतलं. मग विचारलं, "ते पाणी तू प्यायचास?"

"रोज. तीन वर्षं."

"हं," ती म्हणाली. आणि डोळे मिटले. मला वाटलं, झोप लागली. मी उठणार तोच तिनं माझा हात धरला. आजारी माणसाच्या हातात तेवढा जोर असेल असं वाटलं नव्हतं.

"आळीत कुणाजवळ बोलायचं नाही. तुझ्या अब्रूसाठी नाही सांगत. त्या सगळ्यांच्या डोळ्यांवरचा तो तुकडा मी फाडून दिलाय, माझ्या हातानं. त्यांच्या घरच्यांना आता काय सांगशील?" थोडा दम घेऊन ती म्हणाली, "बायकोलासुद्धा नाही. आणि मला साधं कापड आण. बाजारातलं."

माफ केलं, असं ती म्हणाली नाही. मीही विचारलं नाही. त्याआधी घरी कुणी आलं की ती मला 'माझा हाजी' म्हणायची. त्यानंतर जे आठ-दहा दिवस राहिली त्यांत तिनं मला लहानपणच्या नावानं हाक मारली. त्या नावाची हाक मी तेव्हाच शेवटची ऐकली.

तिला बाजारातल्या कापडात दफन केलं. आळीत अजून सांगतात की काय बाई होती, आपलं कफन वीत वीत करून लोकांना वाटलं आणि स्वतःसाठी चिंधीही ठेवली नाही.

पण चिंधी आहे. शेवटची एक वीत बायकोनं जपून ठेवली आहे, पेटीत, वाळ्याच्या काड्यांत गुंडाळून. परवा ऊन द्यायला बाहेर काढली होती. म्हणाली, अहो, ही तुमच्यासाठी ठेवलीय, सासूबाईंनी बहुतेक त्यासाठीच वाचवली. मी बरं म्हणालो. अम्माला 'साधं आण' म्हणता आलं, कारण तिला खरं सांगायला मी होतो. मी साधं आण म्हटलं तर ही का म्हणून विचारेल, आणि मला बोलायची बंदी आहे.

ती आत गेल्यावर मी चिंधीचं टोक जिभेला लावून पाहिलं. इतकी वर्षं पुण्याचं पाणी प्यालोय, आता मलाही ते खारट लागतं.

म्हणून हे लिहायला बसलो. बोलू नकोस असं अम्मानं सांगितलं होतं, लिहू नकोस असं नाही. घरात मोडी कुणाला येत नाही, आळीतही नाही, आणि कारकून तर केव्हाच गेला. बायकोला वाटतं, मी मक्केच्या आठवणी लिहितोय. संध्याकाळी मी कागद आवरले की ती ते हातात घेते, डोळ्यांना लावते आणि पेटीत त्या चिंधीबरोबर ठेवून देते.